गणित कच्चे आहे, तरी ऑपरेशनल रिसर्च?
(वार्षिक संमेलनातील विद्यार्थी-पालक सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संस्थेच्या शनिवारच्या अभ्यासवर्गात शिकवणारे आम्ही चौघेजण. आमच्यापैकी दोघे ऑपरेशनल रिसर्चच्या क्षेत्रात नोकरी करतात, एक शाळेत गणित शिकवतात आणि एक ग्रंथालयात काम करतात. बोलणारा एक असला तरी हे भाषण चौघांनी बसून तयार केले आहे, म्हणून यात सर्वत्र ‘आम्ही’ येईल.

वर्गाच्या दारात उभे राहून पालक आम्हांला जो प्रश्न वारंवार विचारतात, तोच आजचा विषय आहे. मुलाला किंवा मुलीला हे क्षेत्र आवडते, त्यात नोकऱ्या आहेत असेही ऐकले आहे, पण गणित कच्चे आहे. तर मग जमेल का? या प्रश्नाची दोन उत्तरे आपल्या समाजात फिरत असतात. एक उत्तर असे, की गणित नसेल तर त्या वाटेला जाऊ नये. दुसरे असे, की आता सारे काही संगणक करतो, गणिताची गरजच उरलेली नाही. पहिल्या उत्तराने मूल खचते आणि दुसऱ्याने ते दोन वर्षांनी तोंडघशी पडते. आमचे म्हणणे असे आहे की गणित लागते. परंतु लोक समजतात त्यापेक्षा कमी लागते, थोड्या निराळ्या जातीचे लागते, आणि ते सतराव्या-अठराव्या वर्षानंतरही शिकता येते. हे केवळ धीर देण्यासाठी आम्ही म्हणत नाही. या शास्त्राचा इतिहास आणि त्याचे रोजचे कामकाज यांवरून ते दाखवण्याचा प्रयत्न करतो.

हे शास्त्र याच देशात जन्माला आले. १९३७-३८ च्या सुमारास इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील बॉड्सी येथे रडारचे प्रयोग चालू होते. यंत्र तयार झाले होते, पण त्याने दिलेली माहिती विमानदळाने वापरायची कशी, हा प्रश्न यंत्रापेक्षा वेगळा होता. त्या दुसऱ्या प्रश्नाच्या अभ्यासाला ‘ऑपरेशनल रिसर्च’ हे नाव मिळाले. अमेरिकेत आणि भारतात त्याला ऑपरेशन्स रिसर्च म्हणतात. नाव भारदस्त असले तरी अर्थ साधा आहे: हाती असलेली माणसे, यंत्रे, वेळ आणि पैसा यांतून एखादे काम अधिक चांगले कसे होईल, याचा मोजमाप करून घेतलेला शोध.

१९४० साली भौतिकशास्त्रज्ञ पॅट्रिक ब्लॅकेट यांनी विमानवेधी तोफदलासाठी जो गट उभा केला, त्याची रचना विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावी अशी आहे. त्या अकरा जणांत तीन शरीरक्रियाशास्त्रज्ञ होते, दोन गणिती भौतिकशास्त्रज्ञ, एक खगोलभौतिकशास्त्रज्ञ, एक सेनाधिकारी, एक भूमापक, एक सर्वसाधारण भौतिकशास्त्रज्ञ आणि दोन गणितज्ञ. म्हणजे शुद्ध गणितज्ञ अकरांत दोनच! पुढे किनारी विमानदळाच्या अशाच विभागाचे प्रमुखपद सी. एच. वॉडिंग्टन यांच्याकडे आले, आणि ते भ्रूणशास्त्र व आनुवंशिकी यांचे अभ्यासक होते. जीवशास्त्र घेतले म्हणून हा रस्ता बंद झाला असे ज्या मुलींना वाटते, त्यांनी हे नाव जरूर शोधून वाचावे.

ब्लॅकेट पुढे नौदलात गेले. अटलांटिक महासागरात मालवाहू जहाजे ताफ्याने जात आणि जर्मन पाणबुड्या त्यांवर हल्ले करीत. ताफा लहान असावा की मोठा? मोठा ताफा म्हणजे शत्रूला मोठे लक्ष्य, अशी सर्वसाधारण समजूत होती. ब्लॅकेट यांच्या गटाने हल्ल्यांच्या नोंदी तपासून निष्कर्ष काढला की मोठे ताफे प्रमाणाने अधिक सुरक्षित असतात. त्यामागचे एक कारण शाळकरी भूमितीचे आहे. जहाजे क्षेत्रफळात मावतात, पहारा मात्र परिघावर द्यावा लागतो. जहाजे दुप्पट केली तर क्षेत्रफळ दुप्पट होते, पण वर्तुळाचा परिघ दुप्पट होत नाही. तो सुमारे १.४ पट होतो. म्हणजे तितक्याच पहारेकरी नौकांत अधिक जहाजांचे रक्षण होते. हे गणित आपल्या नववीतल्या मुलाला कळते. कठीण भाग होता तो प्रश्न नेमका मांडण्याचा, नोंदी गोळा करण्याचा आणि अनुभवी अधिकाऱ्यांना पटवून देण्याचा. आजही या व्यवसायात दिवसाचा मोठा भाग याच तीन कामांत जातो, हे आमच्यापैकी जे दोघे त्यात आहेत ते रोज पाहतात.

आता लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सकडे वळू. हे नाव आपल्या घराघरांत आदराने घेतले जाते, कारण डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथे १९१६ साली दाखल झाले आणि १९२३ साली त्यांनी तेथून डी.एस्सी. मिळवली. याच संस्थेत ऐल्सा लँड या विदुषींनी १९५० साली पदवी घेतली, आणि ती अर्थशास्त्राची होती. कोळशाच्या खाणींतून पोलादाच्या कारखान्यांना लागणारा कोळसा कमीत कमी खर्चात कसा पोहोचवावा, यावर त्यांनी संशोधन केले. पुढे १९६० साली त्यांनी आणि ऑस्ट्रेलियाहून आलेल्या ॲलिसन डॉइग यांनी एक पद्धत प्रसिद्ध केली, जी आज ‘ब्रँच अँड बाउंड’ या नावाने जगभर वापरली जाते. विमानांची वेळापत्रके, परिचारिकांच्या पाळ्या, मालमोटारींचे मार्ग ठरवणाऱ्या संगणकप्रणालींच्या पोटात ही पद्धत असते. लँड पुढे ब्रिटनमधील ऑपरेशनल रिसर्चच्या पहिल्या महिला प्राध्यापक झाल्या. २०२१ साली त्यांचे निधन झाले. त्यांचे गणित कच्चे होते असे आम्ही मुळीच सुचवीत नाही. पदवी गणिताची नव्हती, आणि त्यावाचून अडले नाही, एवढेच सांगायचे आहे.

ही पद्धत काय आहे, ते आपल्याच कार्यक्रमाच्या उदाहरणाने पाहू. समजा, १४ एप्रिलच्या कार्यक्रमाला ७० माणसांना सभागृहात आणायचे आहे. १६ आसनांच्या मिनीबसचे भाडे १२० पौंड आणि ७ आसनांच्या गाडीचे ६० पौंड. प्रत्येक आसनामागे मिनीबस स्वस्त पडते. नुसत्या मिनीबस घ्यायच्या तर ७० भागिले १६, म्हणजे ४.३७५ बस; खर्च ५२५ पौंड. पण पावणेचार किंवा सव्वाचार बस कोणी भाड्याने देत नाही! तरीही ते उत्तर टाकून देऊ नये. त्याने एक मोलाची गोष्ट सांगितली: कोणी कितीही हुशारी केली तरी ५२५ पौंडांपेक्षा कमी खर्च होणे शक्य नाही. आता प्रश्नाच्या दोन फांद्या करा. एक फांदी: मिनीबस पाच किंवा अधिक. तेथे खर्च किमान ६०० पौंड. दुसरी फांदी: मिनीबस चार किंवा कमी. चार बसमध्ये ६४ जण बसतात, उरलेल्या सहांसाठी एक लहान गाडी. खर्च ४८० अधिक ६०, म्हणजे ५४०. भाडी ६० च्या पटीत असल्यामुळे ५२५ च्या वर आणि ५४० च्या खाली कोणतीही रक्कम येऊच शकत नाही. म्हणून ५४० हे केवळ चांगले उत्तर नसून सर्वांत चांगले उत्तर आहे, आणि तसे आपण सिद्धही केले. यात गुणाकार, भागाकार आणि क्रमाने विचार यांखेरीज काय लागले? हजारो गाड्या आणि शेकडो अटी आल्या की संगणक लागतो, आणि संगणकाला ही कला शिकवणाऱ्याला उच्च गणित लागते. परंतु विचाराचा गाभा हाच राहतो.

दुसरे उदाहरण रांगेचे. आपल्यातील अनेकजण रुग्णालयांत नोकरी करतात, त्यांना ते लगेच पटेल. एका खिडकीवर लोक अनियमितपणे येतात आणि प्रत्येकाच्या कामाला लागणारा वेळही अनियमित आहे. अशा साध्या रांगेसाठी एक सूत्र आहे: खिडकी जितका काळ कामात असते त्या प्रमाणाला ती जितका काळ मोकळी असते त्या प्रमाणाने भागा; उत्तर म्हणजे तेथे सरासरी किती माणसे असतील ती संख्या, ज्याचे काम चालू आहे तो धरून. खिडकी शेकडा ८० काळ कामात असेल तर ८० भागिले २०, म्हणजे ४ माणसे. शेकडा ९० असेल तर ९. शेकडा ९५ असेल तर १९. काम ८० वरून ९५ वर गेले आणि गर्दी चारवरून एकोणिसावर गेली! ‘कर्मचारी रिकामे बसता कामा नयेत’ असा हट्ट धरणाऱ्या व्यवस्थापकाला हा एक भागाकार दाखवता आला, तर रुग्णांचे तास वाचतात. सूत्र सिद्ध करायला संभाव्यताशास्त्र हवे. ते वापरायला, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे ते कोठे वापरू नये हे कळायला, अपूर्णांक पक्के हवेत आणि खिडकीपाशी तासभर उभे राहून पाहण्याची तयारी हवी.

येथे थोडे विषयांतर करतो. बाबासाहेबांचा भारतातील लहान शेतजमिनींवरचा निबंध १९१८ साली प्रसिद्ध झाला. त्या काळी बहुतेकांचे म्हणणे असे होते की तुकडे लहान आहेत, म्हणून ते एकत्र करून मोठे करावेत. बाबासाहेबांनी मांडले की जमिनीचा तुकडा नुसत्या आकाराने लहान किंवा मोठा ठरत नाही. त्यावर राबणारे हात, अवजारे आणि भांडवल यांच्याशी त्याचे प्रमाण काय, यावर ते ठरते. शेतीवर अडकलेल्या जादा हातांना उद्योगधंद्यांत काम मिळणे हा त्यांनी सुचवलेला उपाय होता. तेव्हा ऑपरेशनल रिसर्च हे नावसुद्धा नव्हते, आणि बाबासाहेबांना त्या शास्त्राचे जनक म्हणण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. असले दावे आपण टाळलेले बरे. परंतु साधनांचे परस्परांशी प्रमाण तपासून मगच निर्णय घेणे, ही जी विचाराची रीत आहे, ती मुलांना त्या निबंधात स्पष्ट दिसेल. तो निबंध घरातल्या खंडांत असतो, पण वाचला क्वचित जातो.

आता तयारीचे बोलू.

मागच्या वर्षी आमच्याकडे एक सतरा वर्षांची मुलगी आईबरोबर आली होती. जीसीएसईला गणितात जेमतेम उत्तीर्ण, ए-लेव्हलला जीवशास्त्र, भूगोल आणि समाजशास्त्र. शाळेत तिला खालच्या तुकडीत बसवले होते आणि तिने फाउंडेशन पातळीची परीक्षा दिली होती. या पातळीवर कितीही चांगले लिहिले तरी ५ च्या वरची श्रेणी मिळतच नाही, ही गोष्ट तिच्या आईवडिलांना निकालापर्यंत माहीत नव्हती. आपल्याकडच्या अनेक पालकांना ती माहीत नसते. मूल नववी-दहावीच्या वयात असतानाच शाळेत जाऊन कोणत्या पातळीची परीक्षा देणार हे विचारा, आणि गरज वाटली तर पातळी बदलण्याविषयी शिक्षकांशी बोला. विद्येच्या दारातून ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या परत पाठवले गेले, त्यांच्या मुलांबाबत ‘हिला गणित येणार नाही’ हा शेरा कोणी सहज मारला, तर आपण तो मान खाली घालून स्वीकारू नये. पुरावा मागावा. आणि पुरावा खरा निघाला तर अभ्यास करावा.

त्या मुलीला आम्ही जो क्रम दिला तो असा. आरंभी अपूर्णांक, गुणोत्तर, शेकडेवारी. हे लाज न बाळगता पहिल्यापासून करावे, कारण पुढे जेथे अडते तेथे बहुधा याच ठिकाणी अडते. त्यानंतर बीजगणित, आणि त्यात विशेषतः असमानता. शाळेत समीकरणांवर भर असतो, परंतु या शास्त्रात ‘किमान इतके’, ‘जास्तीत जास्त तितके’ अशा अटीच अधिक येतात, आणि बोलण्यातील अट चिन्हांत उतरवणे हे येथले मुख्य कौशल्य आहे. आपल्या मुलांना त्याची एका अर्थाने सवय आहे. आजीची मराठी तक्रार डॉक्टरांना इंग्रजीत सांगायची, कार्यालयाचे पत्र घरात मराठीत समजावायचे, हे त्यांनी दहाव्या वर्षापासून केलेले असते. प्रश्नाची प्रतिकृती बांधणे हेही भाषांतरच आहे. त्यानंतर संभाव्यता आणि संख्याशास्त्र, आणि यांना सर्वांत अधिक वेळ द्यावा. मग मॅट्रिक्स. कलन, म्हणजे कॅल्क्युलस, शेवटी, गरजेपुरते. याच्या बरोबरीने स्प्रेडशीट आणि पायथनसारखी एखादी संगणकभाषा. एक्सेलमधील ‘सॉल्व्हर’ने वर सांगितलेला बसचा प्रश्न आधी हाताने आणि मग यंत्राने सोडवावा. हाताने न करता थेट यंत्राकडे जाणाऱ्याला चुकीचे उत्तर ओळखता येत नाही. सध्या संगणकाला साध्या भाषेत सांगितले की तो प्रणालीही लिहून देतो, त्यामुळे ही ओळखण्याची शक्ती अधिकच मोलाची झाली आहे.

याला किती काळ लागेल? रोज एक तास प्रामाणिक अभ्यास धरला, तर आमच्या अंदाजाने दीड ते दोन वर्षे. सहा महिन्यांत करून देतो म्हणणाऱ्या जाहिरातींवर पैसे घालवू नयेत. ज्यांना संशोधक व्हायचे आहे, नव्या पद्धती शोधायच्या आहेत, त्यांना याहून पुष्कळ अधिक, सिद्धतांचे गणित लागेल. त्याला जवळचा रस्ता नाही. मात्र रुग्णालयात, नगरपालिकेत, रेल्वेत, मालवाहतुकीत किंवा सरकारी खात्यात विश्लेषक म्हणून काम करणाऱ्याला वरील तयारी बऱ्याच अंशी पुरते. पुस्तकांपैकी एच. पॉल विल्यम्स यांचे गणिती प्रतिकृतींच्या बांधणीवरचे १९७८ चे पुस्तक आम्ही आवर्जून सुचवतो. त्यात भर सूत्रांवर नसून प्रश्न कसा मांडावा यावर आहे.

ज्यांचा ओढा आकड्यांपेक्षा माणसांकडे आहे, त्यांच्यासाठीही या शास्त्रात एक दालन आहे, आणि ते ब्रिटनमध्येच विशेष वाढले. लँकेस्टर विद्यापीठात १९६४ साली पॅट्रिक रिव्हेट हे या विषयाचे देशातील पहिले प्राध्यापक झाले. त्याच विद्यापीठात पुढे पीटर चेकलँड आले. ते मूळचे रसायनशास्त्राचे पदवीधर, पंधरा वर्षे उद्योगात काम केलेले. प्रत्यक्ष कारभारात प्रश्न काय आहे यावरच माणसांचे एकमत नसते, हे ओळखून त्यांनी एक पद्धत बांधली: सर्व बाजूंचे ऐकणे, परिस्थितीचे चित्र काढणे, कोणाच्या दृष्टीने काय सुधारणा ठरेल ते उलगडणे. आमच्या संस्थेच्या सभागृहसमितीच्या बैठकींना बसलेल्यांना या पद्धतीची गरज वेगळी समजावून सांगायला नको.

प्रवेशाच्या वाटांबद्दल थोडक्यात. ए-लेव्हलला गणित घेता येत असेल तर घ्यावेच. नसेल तर कोअर मॅथ्स नावाची पात्रता आहे; ती सोळा वर्षांनंतर संख्याज्ञान चालू ठेवू इच्छिणाऱ्यांसाठीच काढलेली आहे. १९६९ साली स्थापन झालेल्या ओपन युनिव्हर्सिटीत बहुतेक पदवी-अभ्यासक्रमांना पूर्वपात्रतेची अट नाही, आणि तेथे गणित अगदी पायापासून शिकता येते; नोकरी करणाऱ्या मातांनीही याचा विचार करावा. पदवीला अर्थशास्त्र, भूगोल, मानसशास्त्र, काहीही घेतले तरी त्यातील संख्याशास्त्राचे भाग टाळू नयेत, कारण पदव्युत्तर प्रवेशाच्या वेळी आणि सरकारच्या ऑपरेशनल रिसर्च सेवेत अर्ज करताना पदवीत संख्यात्मक भाग किती होता हे पाहिले जाते. ज्यांना लगेच कमवायचे आहे त्यांच्यासाठी डेटा ॲनालिस्टची चौथ्या पातळीची ॲप्रेंटिसशिप आहे. बर्मिंगहॅममध्ये कार्यालय असलेली ऑपरेशनल रिसर्च सोसायटी १९४८ साली एक क्लब म्हणून सुरू झाली होती. ती लहान अभ्यासक्रम चालवते, आणि तिचे स्वयंसेवक सेवाभावी संस्थांना विनामूल्य मदतही करतात. आपल्यासारख्या संस्थेने ती मागायला हरकत नाही.

शेवटी पालकांना एक विनंती. आपल्या गुणगौरव समारंभात वैद्यकीला प्रवेश मिळालेल्यांना आपण शाल देतो, हे योग्यच आहे. परंतु जीसीएसईच्या गणितात पहिल्या खेपेस अनुत्तीर्ण होऊन, अकरावी-बारावीच्या वयात इतर विषय सांभाळत, दुसऱ्या खेपेस उत्तीर्ण झालेल्या मुलाचे नाव आपण कधी व्यासपीठावरून घेतले आहे काय? इंग्लंडमध्ये २०१४ पासून असा नियम आहे की सोळाव्या वर्षी ही परीक्षा न सुटलेल्यांनी पुढेही गणित चालू ठेवावे. म्हणजे आपल्याही घरांत अशी मुले आहेत. ती या समारंभांना येत नाहीत, इतकेच. कार्यकारी मंडळाने पुढील वर्षापासून त्यांचाही सत्कार करावा, असा लेखी प्रस्ताव आम्ही आज अध्यक्षांकडे दिला आहे.

नवा अभ्यासवर्ग येत्या महिन्याच्या पहिल्या शनिवारी दुपारी दोन वाजता सुरू होईल. पहिल्या चार आठवड्यांत फक्त अपूर्णांक आणि शेकडेवारी घेणार आहोत. शाळेच्या जुन्या उत्तरपत्रिका असतील तर त्या आणाव्यात. कमी गुणांच्या असतील त्या आधी आणाव्यात. पालकांनाही मागच्या बाकांवर बसता येईल. जयभीम.